पाचवा वाटा

१

सकाळी वॉर्डातल्या बायकांचा चहा उरकला की बिट्रिस औषधांच्या खोलीत जायची आणि दाराला आतून कडी घालायची. माप घेताना मध्येच कुणी हाक मारलेली तिला खपत नसे. स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळायला टाकायच्या, कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, आणि सगळं निवेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं. खिडकीतून खाली भातसा नदी दिसायची. चैत्रात ती इतकी आटलेली असे, की म्हशी पात्राच्या मधोमध उभ्या राहिल्या तरी गुडघे कोरडेच.

खडवली स्टेशनापासून टांग्यानं अर्ध्या तासावर, नदीवरच्या टेकाडावर हा बंगला होता. मुंबईच्या कुणा शेटजींनी हवापालटासाठी बांधलेला. शेटजी क्षयानं गेले, तेव्हा मुलांनी तो तसल्याच रोग्यांसाठी देऊन टाकला. पुरुषांचा वॉर्ड बंद पडला होता. बायकांचा तेवढा कसाबसा चालू होता. १९५४ सालच्या त्या उन्हाळ्यात तिथं चौघीजणी होत्या, आणि चौघींपुढं असतील नसतील तेवढी औषधं हरली होती.

बिट्रिसनं चाळिशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. ठाण्याला तिचा धाकटा भाऊ रुडॉल्फ बायकोमुलांसह राहायचा. सुटी मिळाली की ती तिकडं जायची, भाच्यांची डोकी विंचरायची, नखं कापायची, आणि परत यायची. हात फार शांत होते तिचे. ठाण्यात टेंभी नाक्यावर दवाखाना चालवणारे डॉक्टर कर्णिक आठवड्यातून दोनदा इथं येत, ते म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही टोचलेलं रोग्याला दुसऱ्या दिवशी कळतं."

पाडव्यानंतर डॉक्टर आले ते एक लाकडी खोकं घेऊन. आत भुशात रोवलेल्या रबरी बुचांच्या छोट्या बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी नखभर पांढरी पूड.

"नाव काय ह्याचं?" बिट्रिसनं विचारलं.

"अजून नाव नाही. नुसता नंबर आहे. बारशाआधीचं मूल समजा." डॉक्टर खुशीत होते. विलायतेतला त्यांचा एक मित्र कुठल्याशा प्रयोगशाळेत होता, त्यानं धाडलं होतं. "हिशेब सोपा आहे. बाटलीत चारशे मिलिग्रॅम पूड. चार सी.सी. पाणी घालायचं, म्हणजे एका सी.सी.त शंभर. एकीला एक सी.सी. चौघींना चार, बाटली रिकामी. उरलं तर ठेवू नका, लगेच नासतं."

पहिल्या दिवशी बिट्रिसनं डिस्टिल्ड वॉटर मोजून घातलं. बाटली तळहातांत धरून फिरवली. पूड क्षणभर धुक्यासारखी गरगरली आणि दिसेनाशी झाली. चौघींची इंजेक्शनं झाली. बाटली टाकायला म्हणून उचलली, तर हाताला जड लागली.

उजेडाकडं धरून पाहिलं. तळाशी औषध होतं. सिरिंजमध्ये ओढून घेतलं, तर बरोबर एक सी.सी.

२

"अहो, पूडही जागा अडवतेच की," डॉक्टर हसले. "साखर घातली की कपातला चहा वर चढतो, तसं."

हे बिट्रिसला ठाऊक होतं. पण नखभर पुडीनं चहा किती चढावा? चढला तर केसभर. सी.सी.भर नव्हे. तरी तिनं मान डोलावली. डॉक्टर शिकलेले होते आणि बोलत होते ते खोटं नव्हतं.

"समजा, एकूण पाच सी.सी. होतंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे औषध तेवढं पातळ झालं. मग प्रत्येकीला सव्वा सी.सी. द्या. मात्रा शंभरची शंभर राहील आणि बाटलीही संपेल."

दुसऱ्या दिवशी तिनं सव्वा-सव्वा सी.सी. दिलं. सव्वा सी.सी. उरलं.

त्या दिवशी तिनं जेवणाची सुटी औषधांच्या खोलीतच काढली. एक रिकामी बाटली धुऊन तिच्यात साधं पाणी मोजून घातलं, मोजून काढलं. घातलं तेवढंच निघालं. सिरिंज बदलली, तरी तेच. म्हणजे सिरिंज खरी, पाणी खरं, आपली नजरही खरी. पुढच्या सकाळी तिनं मुद्दाम दुप्पट पाणी घातलं, एकेकीला दोन सी.सी. भरलं. उरलं ते दोन सी.सी.

बाटली हातात घेऊन ती स्टुलावर बसून राहिली. पाणी कितीही घाला, मात्रा कशीही धरा, चौघींना देऊन झालं की शिल्लक राहत होता तो थेंब-अर्धा थेंब नव्हता. तो वाटा होता. इतर चार वाट्यांएवढा, ना कमी ना जास्त. घरात पानं वाढताना न आलेल्या माणसाचंही वाढून झाकून ठेवतात, तसा.

तिनं उरलेलं मोरीत ओतलं आणि वरून दोन तांबे पाणी टाकलं.

३

वॉर्ड म्हणजे शेटजींचा जुना दिवाणखाना. उंच छत, लाल फरशी, नदीच्या अंगाला मोठ्या खिडक्या. खाटा पाच. दाराकडून पहिली सखुबाईची. ती डोंबिवलीकडच्या खाडीकाठची आगरी म्हातारी, जन्म मिठागरात गेलेला, टाचा मिठानं कायमच्या फुटलेल्या. दुसरी जोसेफिनची, ती वसईकडची, शिवणकाम करणारी, खोकल्याच्या उबळीतही माळ ओढणारी. तिसरी कल्याणच्या शाळेत शिकवणाऱ्या वासंतीबाईंची. चौथी शकूची.

शकू विशीचीही नव्हती. तिचा नवरा पंढरी ठाकुर्लीच्या वीजघरात कामाला. दर रविवारी तो वर्षाच्या पोराला खांद्यावर घेऊन यायचा आणि फाटकाबाहेर उभा राहायचा. पोराला आत आणायची परवानगी नव्हती. शकू व्हरांड्यात येऊन कठड्याला धरून उभी राही. पंढरी पोराचा हात धरून हलवी. पोर आईकडं सोडून सगळीकडं बघे. "मला वलखतच नाय तो," शकू आत येऊन म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची.

पाचवी खाट खिडकीशी होती, रिकामी. तिच्यावरची गादी वळकटी करून उशाशी ठेवलेली असायची.

त्या सकाळी ती पसरलेली होती. वर धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी केलेली सोलापुरी.

"मालन, ही गादी कुणी घातली?" बिट्रिसनं वॉर्डातल्या आयाला विचारलं.

मालन फरशी पुसत होती. तिनं वर न बघताच उत्तर दिलं, "मीच. रोज घालते की."

"रोज? कुणासाठी?"

आता मालननं वर पाहिलं. बिट्रिसकडं, मग खाटेकडं, मग पुन्हा बिट्रिसकडं. "ऊन फार आहे, सिस्टर," ती म्हणाली. "जरा पडा तुम्ही."

दुपारी शकूला ताप चढला. औषध सुरू झाल्यापासून बाकीच्या तिघींचा ताप उतरणीला लागला होता. शकूचा तेवढा रोज दुपारी फणफणे. बिट्रिसनं आठवून पाहिलं. ज्या दिवसापासून उरलेला वाटा मोरीत जात होता, त्याच दिवसापासून. मग तिनं स्वतःलाच दटावलं. मोरीचा आणि शकूचा काय संबंध? क्षयाचा ताप दुपारीच चढतो, पुस्तकात लिहिलंय.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं वाटा ओतला नाही. बाटलीतच ठेवून बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुपारी शकूचा ताप पुन्हा तेवढाच वर गेला.

४

"बाय, तिचा रायला ना," सखुबाई म्हणाली.

बिट्रिस ट्रे घेऊन वॉर्डाबाहेर निघाली होती. "कुणाचं राहिलं?"

"तिचा गं. खिरकीजवलचीचा. रोज सगल्यांना देतेस नि तिच्या पुढ्यातून तशीच जातेस. कवाची हात पुढं करून बसलेली असते बिचारी."

सखुबाईच्या आवाजात भीती नव्हती, गूढ काही सांगितल्याचा आव नव्हता. सुनेनं एखाद्या पाहुण्याला पाणी विचारलं नाही तर सासू जशी हळूच बोलेल, तशी ती बोलत होती.

बिट्रिसनं खाटेकडं पाहिलं. पांढरी चादर, तिच्यावर खिडकीच्या गजांच्या सावल्या. गज सरळ होते, सावल्याही सरळ होत्या. कुठं काही नव्हतं.

म्हातारीला ताप असतो, तिला काहीही दिसेल. बिट्रिस वासंतीबाईंपाशी गेली. त्या मॅट्रिक पास, वर्तमानपत्र वाचणाऱ्या, देवाधर्माचं फारसं न करणाऱ्या. बिट्रिसनं खुर्ची ओढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, वॉर्डात आपले किती पेशंट आहेत?"

"पाच," वासंतीबाई वर्तमानपत्रातून म्हणाल्या.

"पाचवी कोण?"

वासंतीबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. चेहऱ्यावर नाराजी होती. त्या पुढं वाकल्या आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या, "सिस्टर, हळू बोला. ती बोलत नाही म्हणून ऐकतही नाही असं नाही. तुम्हाला ती आवडत नाही हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलंय. पण तोंडावर असं?"

जोसेफिनला विचारायचं धाडस बिट्रिसला झालं नाही. जोसेफिनची माळ चालू होती. शेवटची प्रार्थना झाल्यावर तिनं क्रुसाची खूण केली ती खिडकीकडं बघत, जणू आशीर्वाद तिकडंही पोचावा.

औषधांच्या खोलीत येऊन बिट्रिसनं तोंडावर पाणी मारलं. एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं हो ला हो करायचं, असं आजारी माणसांत होतं. दिवसभर दुसरा उद्योग काय त्यांना? पण बाटलीला कुणी काय सांगितलं होतं? बाटलीला तर ताप नव्हता.

५

गुरुवारी डॉक्टर आल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. वाट्याचं, गादीचं, वासंतीबाईंचं. सांगताना आपलं बोलणं तिला स्वतःलाच वेड्यासारखं वाटत होतं; पण डॉक्टरांनी चेष्टा केली नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही थकलात, सिस्टर. किती महिने झाले सुटी घेऊन? आज मी देतो इंजेक्शनं. तुम्ही नुसत्या बघा."

त्यांनी तिच्यासमोर पाणी मोजलं, चार सी.सी. पूड विरघळवली. ट्रे उचलला आणि वॉर्डात गेले. बिट्रिस मुद्दामच आत गेली नाही. दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहिली. आतून त्यांचा आवाज येत होता. सखुबाईची थट्टा, जोसेफिनची विचारपूस, वासंतीबाईंशी राजकारणावर दोन वाक्यं, शकूला "घाबरू नको गं." मग बुटांचा आवाज आणखी पुढं गेला. खिडकीपर्यंत. तिथं थांबला.

"हं," डॉक्टर कोमल आवाजात म्हणाले. "झालंच. बघू हात."

थोड्या वेळानं ते बाहेर आले. ट्रेमध्ये बाटली कोरडी ठणठणीत पडली होती.

"बघा, थेंब उरला नाही," ते म्हणाले. "पाचहीजणींचं झालं."

"डॉक्टर, तुम्ही चार म्हणाला होतात," बिट्रिस म्हणाली. " चौघींना चार."

"चार?" त्यांनी तिच्याकडं काळजीनं पाहिलं. खरीखुरी काळजी, रोग्याकडं बघताना असते तशी. "चार कशा असतील, सिस्टर? खाटा पाच आहेत ना?"

ते हात धुवायला गेले. बिट्रिसनं नळाचं पाणी पडताना ऐकलं. ह्या घरात डोकं ठिकाणावर असलेली एकतर मी एकटी उरलेय, किंवा मी सोडून बाकी सगळी, असा विचार तिच्या मनात आला. दोन्हीपैकी कुठलं खरं, ते ठरवायला तिच्यापाशी माप नव्हतं.

त्या दुपारी शकूला ताप आला नाही.

६

डॉक्टर रोज येणार नव्हते. शुक्रवारपासून सिरिंज पुन्हा बिट्रिसच्या हातात आली. तिनं चौघींना दिलं. उरलेला वाटा घेऊन मोरीपाशी बराच वेळ उभी राहिली, आणि ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. बिट्रिस धावली. पिकदाणीत लाल फेस होता, शकूच्या हनुवटीवर होता, उशीवर होता. जोसेफिन रडत होती. मालन बर्फ आणायला खाली पळाली. बिट्रिसनं शकूला कुशीवर धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं उबळ बसली. पोरीच्या ओठांचा रंग उडाला होता.

"सिस्टर," शकू पुटपुटली.

"बोलू नको."

"तिला द्या ना. तुमी नाय दिला का ती माझा घेते." शकूनं तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता. "रागानं नाय घेत. तिला बी पायजेच ना. माझा पोरगा अजून मला वलखत पन नाय, सिस्टर."

बिट्रिस उठली. औषधांच्या खोलीत जाऊन तिनं कडी घातली, हात धुतले, नवी बाटली घेतली, पाणी मोजलं. हात नेहमीसारखेच शांत होते, ह्याचंच तिला भय वाटलं. शकूचं दिलं, बाकीच्या तिघींचं दिलं. मग सुई बदलली, पाचवा वाटा भरून घेतला आणि खिडकीशी गेली.

खाट रिकामी होती. सकाळचं ऊन चादरीवर पडलं होतं. वॉर्डातल्या चौघी तिच्याकडं बघत होत्या.

"कुठं देऊ?" तिनं कुणाला विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"जरा वर," सखुबाई म्हणाली. "आनखी थोरा अलीकडं. हां. दंड हाय बघ तिथं."

बिट्रिसनं स्पिरिटचा बोळा हवेत फिरवला. मग सुई पुढं केली. आता ती नुसती जाईल, औषध चादरीवर पडेल, आणि मी सगळ्यांना ते दाखवीन, असं ती मनाशी म्हणत होती.

सुई अडली.

अठरा वर्षं तिच्या बोटांना एकच गोष्ट डोळे मिटून कळत आली होती. कातडी आधी किंचित आत दबते, नको म्हणते, आणि मग एकदम वाट देते. ती दबली. तिनं वाट दिली. बिट्रिसच्या डोळ्यांपुढं सुई ऊन पडलेल्या मोकळ्या जागेत होती, आणि टोकाकडचा अर्धा भाग दिसत नव्हता.

टोचल्यावर दांडा थोडा मागं ओढून बघायचा, रक्त येतं का ते. रक्त आलं तर सुई शिरेत गेली, जागा बदलायची. तिनं काही ठरवलं नाही. सवयीनं दांडा ओढला गेला. काचेत एक तंतू आला. रक्तासारखा लाल नव्हता. फिकट गुलाबी, पाण्यात पाणी आणि त्यात कुठंतरी रक्ताचा एक थेंब, असा. कुणीतरी फार पातळ करून ठेवलेलं रक्त.

तिनं जागा बदलली, आणि सगळं औषध दिलं.

बाटलीत थेंब उरला नाही. शकू झोपली होती, आणि तिचा श्वास सरळ चालला होता.

७

त्यानंतर बिट्रिसनं एकही दिवस चुकवला नाही. एकदा ते सबंध खोकं उचलून नदीत टाकावं असं तिच्या मनात आलं होतं. खोकं उचलून ती व्हरांड्यापर्यंत गेलीसुद्धा. तो रविवार होता. फाटकाबाहेर पंढरी पोराला घेऊन उभा होता आणि शकू कठड्याला न धरता उभी होती. बिट्रिसनं खोकं परत जागेवर नेऊन ठेवलं.

चौघी सुधारत गेल्या. सखुबाई भाकरी मागू लागली, जोसेफिननं मालनला पोलकं शिवून दिलं. वासंतीबाईंचं वजन वाढलं. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडं धरून पुन्हा पुन्हा बघायचे आणि जिभेनं च्-च् करायचे, आनंदानं.

आणि रोज सकाळी खिडकीशी दांडा मागं ओढला की काचेत जो तंतू यायचा, तो आदल्या दिवशीपेक्षा गडद असे. गुलाबी होता, तो डाळिंबी झाला. पुढं पुढं जागा बदलली की दुसऱ्यांदा तो येईनासा झाला. तिथं आता नुसतं रक्त नव्हतं, मांस धरलं होतं. चादरीवर खळगा पडू लागला, आधी बाळाएवढा उथळ, मग मोठ्या माणसाचा. बिट्रिस तिकडं थेट बघत नसे. दंड कुठं आहे हे आता तिला सखुबाईला विचारावं लागत नव्हतं.

वैशाखात एका सकाळी तिनं सवयीप्रमाणं चार सी.सी. पाणी घातलं. चौघींना देऊन झालं आणि बाटली संपली. आत काहीच उरलं नव्हतं.

ती परत खोलीत गेली, दुसरी बाटली घेऊन तिच्यातून खिडकीशी दिलं, आणि त्या दिवसापासून इतर कुणासाठी घालावं तसं एक सी.सी. जास्त पाणी घालू लागली. पाच घातलं की पाच निघायचं. एकेकीची मात्रा शंभराची ऐंशी झाली, पण हिशेब चोख लागत होता. वर काही उरत नव्हतं, कारण वरचं असं आता कुणी नव्हतं.

८

पूड संपली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना घरी सोडलं. पावसाळ्यात वॉर्ड बंद ठेवायचा, असं ठरलं होतं. सखुबाईचे मुलगे आले, जोसेफिनचा मामा आला, वासंतीबाईंचे यजमान आले. पंढरीनं पोराला फाटकातून आत आणून शकूच्या हातात दिलं. पोरानं भोकाड पसरलं, मग तिच्या गळ्यातले मणी धरले आणि गप्प झालं. बिट्रिस खांबाआड जाऊन रडली. जे केलं त्याचं हे मोल असेल, तर तिला ते मान्य होतं.

सगळ्या गेल्यावर डॉक्टर तिच्यापाशी आले. "पाचवीचं कुणी नाही, सिस्टर. मी विचारलं तिला. तुमच्याबरोबर येईन म्हणाली."

"बोलली?" बिट्रिसनं विचारलं.

"हो, आजच पहिल्यांदा. आवाज अजून फुटलेला नाही नीट, पण होईल."

"डॉक्टर, माझ्या भावाच्या घरी लहान मुलं आहेत."

"मग बरंच की. रोग गेलाय तिचा. मुलांत रमेल."

दुपारी डॉक्टर आणि मालन जेवायला बसलेली असताना बिट्रिसनं ट्रंक उचलली आणि मागच्या जिन्यानं उतरून, कुणालाही न सांगता फाटकाबाहेर आली. काळुरामचा टांगा बाभळीखाली उभा होता. ती मागच्या बाजूला चढून बसली, ट्रंक मांडीशी ओढली. "चल लवकर," ती म्हणाली.

काळुराम तंबाखू मळत होता. त्यानं ती तोंडात टाकली, पुढं बसला, लगाम उचलला. पण हाकलं नाही. मान वळवून वाट बघत राहिला. मग टांगा मागच्या अंगाला हळूच दबला. पुढचे दांडे वर उचलले गेले, आणि घोड्यानं पाय आपटले.

"बाय, दोगी बी मागं बसल्यात तं घोरा लटकंल," काळुराम म्हणाला. "एकीनं पुढं या."

बिट्रिस उठून पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसली. उतरून पळायचं तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण टांगा चालू लागला होता, आणि पळून कुठं जायचं, हे तिला सुचलं नाही. वाटभर तिनं घोड्याच्या कानांवरची नजर हलवली नाही. धूळ उडत होती, काळुराम आंब्याच्या भावाबद्दल काहीबाही सांगत होता. मागून काही आवाज नव्हता. फक्त कधीतरी चाक दगडावरून गेलं की कुणीतरी तोल सावरून घेत होतं.

नाल्याच्या उतारावर टांगा जोरात हिसकला. तेव्हा दोन बाकांमधल्या दांडीला मागून एका हातानं घट्ट धरलं. बिट्रिसच्या कोपराला लागूनच होता तो. तिची नजर गेलीच. निमुळती, ऊन न लागलेली बोटं. पेरांवर घड्या नाहीत, सुरकुत्या नाहीत. नखं अजून आली नव्हती.

स्टेशनावर काळुराम उडी मारून उतरला, ट्रंक फलाटावर ठेवून आला. कसाऱ्याकडून येणारी गाडी लांबवर दिसत होती. बिट्रिस खाली उतरली आणि तशीच पाठमोरी उभी राहिली.

"तिला हात द्या, बाय," काळुराम म्हणाला. "पायात बल नाय अजून. परंल ती."

किती रोगी बिट्रिसनं आजवर ह्याच टांग्यातून असे उतरवून घेतले होते. मागं वळायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, आणि ती वळलीही नाही. पण कुणीतरी पडेल म्हटल्यावर तिचा हात तिला न विचारताच मागं गेला.

तो कुणीतरी धरला. हात कोमट होता. ताप अजिबात नव्हता.